तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

बाळांनो,

पत्र दोघांना आहे, पण प्रश्न धाकटीचा. "आजी, डिप्रेशनच्या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का गं? मला आता बरं वाटतंय, सोडू का?" मी "होतो" म्हणून फोन ठेवला. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं तू गोळी सोडायच्या आत पोचायला हवं.

तुमच्या आजोबांना हाच आजार झाला तेव्हा तुम्ही लहान होतात. ते रडत नसत. ताट भिंतीवर फेकत, दाराच्या चौकटीवर डोकं आपटत. सावंतवाडीच्या डॉक्टरांची पहिली गोळी महिनाभर घेतली. मळमळ तेवढी झाली. दुसरीनं सावकाश फरक पडला. एका सकाळी उठून त्यांनी आपण लावलेल्या हापूसच्या कलमांना पाणी घातलं. एवढंच, पण मी ते वहीत लिहून ठेवलं.

मग गणपती आले. घर मुंबईच्या माणसांनी भरलं, आणि गोळीच्या गुंगीनं आजोबा आरतीत पेंगू लागले. कुणाला कळू नये म्हणून मी गोळ्या देणं थांबवलं आणि पाकिटं तांदळाच्या डब्यात खोल पुरली. माझ्या दिरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वयनी, दादा बरो झालो मगे! तुझ्या मोदकांचो गुण!" सगळे हसले, मीही. पाहुणे गेले तरी मी गोळ्या बाहेर काढल्या नाहीत. ताप उतरला की औषध थांबवतात, तसंच हे असं मी धरून चालले. डॉक्टरांना विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी बागेतून घाव घातल्याचे आवाज आले. आजोबा कोयत्यानं कलमं तोडत होते, एकामागून एक. मी ओरडले, "अहो, थांबा!" त्यांनी कोयता स्वतःवर उगारला. मी पातंच धरलं.

"सोड गो! माका जगूचा नाय!"

ते ओढत राहिले, बोटं हाडापर्यंत कापली तरी मी सोडलं नाही. स्वतःच्या शर्टावर माझं रक्त दिसलं तेव्हा ते मातीत बसले.

डॉक्टरांनी तीच दुसरी गोळी पुन्हा सुरू केली. या खेपेला ती लागू पडायला जास्त दिवस लागले, डोसही वाढवावा लागला. अजूनही एखादा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पण न्याहारीनंतर गोळी स्वतःच्या हातानं घेतात.

माझी दोन बोटं वळत नाहीत. चौदातली पाच कलमं उरली. तुमचे आजोबा आहेत.