चौथ्या कोपऱ्याची फट

वसईजवळच्या वालीवमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकही वस्तू बनवली नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करणं हे माझं काम. पत्र्याचे भाग ट्रेमधून टेबलावर यायचे, मी त्यांना गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, लावायचो आणि केसभर इकडेतिकडे दिसलं की लाल स्टिकर चिकटवायचो. स्टिकर चिकटवताना साहेबांचा चेहरा खुलतो, असं निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं. मी ते कौतुक समजलो आणि आभार मानले.

निवृत्तीनंतर स्टिकर संपले, सवय उरली. पोळीच्या कडेकडे मी नुसतं रोखून पाहिलं तरी बायको म्हणायची, "अहो, बाहेर जाऊन या जरा." बाहेर म्हणजे सोसायटीत.

सोसायटीच्या नोटिस बोर्डाला तेव्हा वाळवी लागली होती. नव्या बोर्डाची लाकडी चौकट करायचं काम कमिटीनं समुद्राकाठच्या पाचूबंदरमधल्या एका म्हाताऱ्या सुताराला दिलं. त्याचा बाप होड्या दुरुस्त करायचा, हा दारं-खिडक्या करायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो चौकट खांद्याला अडकवून थेट आमच्या मीटिंगला आला.

मी घरी जाऊन माझा गुण्या आणला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधं हत्यार, सुताराकडेही असतं. पण माझा पोलादी होता, कारखान्यातला. सगळ्यांसमोर मी तो एकेका कोपऱ्याला लावला आणि शेवटच्या कोपऱ्यात उजेड दाखवला.

"पोस्टकार्ड जाईल इथून," मी म्हणालो. खरं तर पतंगाचा कागदही गेला नसता. "हे पास होणार नाही."

सुतारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुण्याकडे. "मग तुमीच करा," एवढं बोलून त्यानं चौकट पुन्हा खांद्याला अडकवली आणि तो निघून गेला.

आमचे सेक्रेटरी तरुण आहेत. फुकटचं काम ते खाली पडू देत नाहीत. "काका करतील! काका म्हणजे एकदम परफेक्ट!" टाळ्या पडल्या. सर्वात जोरात टाळ्या वाजवणाऱ्यांनी जन्मात खिळा ठोकला नव्हता. मीही ठोकला नव्हता, पण ते फक्त बायकोला माहीत होतं. तिनं टाळी वाजवली नाही.

वखारीतून सागाच्या पट्ट्या आणल्या, नवी हातकरवत आणली आणि पहिल्या पाच मिनिटांत मला माझी लायकी कळली. पेन्सिलीची रेघ सरळ होती. करवत चार बोटं तिच्याबरोबर चालली आणि मग तिला दुसरीकडे काहीतरी काम निघालं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात दाढी राखलेले, इस्त्रीचा ॲप्रन घातलेले पुरुष लाकूड असं कापत होते की जणू ते लोणी आहे. त्यातला एक म्हणाला, नवशिक्यांनी गाईड वापरावं. 'नवशिके' हा शब्द मला झोंबला, पण गाईड मी आणलं.

वसईच्या बाजारात ते मिळालं. पिवळ्या प्लॅस्टिकची लांबट पेटी, वरून उघडी, दोन्ही भिंतींना समोरासमोर खाचा. पट्टी पेटीत ठेवायची, करवत खाचेत घालायची आणि मागेपुढे करायची. करवतीला भरकटायला जागाच नाही. तिरक्या खाचांशेजारी ४५ हा आकडा उठावदार छापलेला. पट्ट्यांची टोकं पंचेचाळीस अंशांत कापली की दोन मिळून काटकोन होतो, एवढं गणित मला येत होतं.

पहिला काप इतका देखणा आला की मी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची रांग लागली. मी खाली लिहिलं, 'काम असं असतं.' कुणाला टोमणा होता ते सगळ्यांना कळलं.

चारही पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. पहिला कोपरा मिटला. दुसरा मिटला, तिसराही मिटला. चौथ्या कोपऱ्यात माझी करंगळी गेली.

मी आधी लाकडाला दोष दिला. मग वसईच्या दमट हवेला, मग करवतीला, मग टेबल एका पायानं आखूड आहे असं जाहीर केलं. टेबल बायकोच्या माहेरचं. ती पाण्यानं भरलेला पेला टेबलावर ठेवून म्हणाली, "पाणी कुठे कलतंय ते दाखवा." पाणी कुठेच कललं नाही.

सगळी टोकं पुन्हा कापली. फट तेवढीच. पुन्हा कापली. प्रत्येक वेळी चौकट लहान होत गेली आणि फट मात्र वाढल्यासारखी दिसू लागली. रोज सकाळी सेक्रेटरींचा हात जोडलेला मेसेज यायचा, 'काका, बोर्ड कुठवर?' चौथ्या खेपेला बायकोनं चौकटीत डोकावून पाहिलं. "आता यात 'लिफ्ट बंद आहे' एवढंच मावेल," ती म्हणाली. "जा त्यांच्याकडे."

"कुणाकडे?"

"कळतंय तुम्हाला."

चौकट, पिवळी पेटी आणि गुण्या पिशवीत घालून मी रिक्षानं पाचूबंदरला गेलो. सुतार ओट्यावर बसून कानशीनं करवतीचे दात घासत होता. त्याच्यामागे भिंतीवर येशूची मोठी तसबीर होती आणि तिला चौकट होती ती आमच्या बोर्डाची, थोडी छाटून बसवलेली. मी नापास केलेला माल देवानं पास करून घेतला होता.

"अंकल, जरा अडचण आहे," मी म्हणालो.

त्यानं चौकटीकडे पाहिलंच नाही. पिवळी पेटी उचलली. "ही तपासली?"

"त्यावर पंचेचाळीस छापलंय."

"छापलंय," तो म्हणाला. मग घरात तोंड करून ओरडला, "आयकलं का गं, छापलंय!" आतून एका म्हातारीचं हसू आलं.

त्यानं माझ्याच पट्टीचे दोन तुकडे पेटीत कापले, टोकाला टोक लावलं आणि माझाच गुण्या त्या कोपऱ्याला लावून माझ्यासमोर धरला. मधून समुद्रापर्यंतचा उजेड दिसत होता. प्रत्येक टोकाला जेमतेम एक अंश चूक आणि टोकं आठ. सगळी मिळून चौथ्या कोपऱ्यात गोळा होत होती. मी करवत तपासली, लाकूड तपासलं, सासरचं टेबलसुद्धा तपासलं. पेटी तेवढी तपासली नाही, कारण ती कारखान्यातून आली होती. संशय घ्यायचा तो माणसाच्या हाताचा, असं माझं शिक्षण.

"कारकान्यात तुमच्या मापाला माप कोन लावायचा?" त्यानं विचारलं.

"वर्षातून एकदा तपासणीला जायचं," मी म्हणालो आणि मला एक माणूस आठवला. पत्रा दाबून भाग काढायची प्रेस चालवायचा. त्याचे सलग तीन ट्रे मी नापास केले तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, एकदा तुमचं गेज बघून घ्या ना." मी सगळ्यांदेखत हसलो होतो. म्हणालो होतो, गेज दारू पीत नाही. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. 'सोडून गेला' असं आम्ही म्हणायचो. त्याच महिन्यात गेज तपासणीला गेलं आणि झिजलेलं निघालं. तपासणीचा कागद मी नीट भोक पाडून फायलीला लावला. फायलीला लावणं एवढंच आपलं काम, हे मी स्वतःला सांगितलं आणि मला ते लगेच पटलं.

तशीच पेटी लाकडाची करायला सुतारानं मला तीन फळ्या दिल्या. एक तळाला, दोन भिंतींना. पेटी ठोकून झाल्यावर त्यानं तिची बाहेरची रुंदी मोजली, तेवढंच अंतर लांबीवर घेऊन चौरस आखला आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली. "हे तुमचं पंचेचाळीस. छापायची गरज नाय."

"आता ही खाच कापायला गाईड?" मी विचारलं.

त्यानं लाकडाचा एक चौरस ठोकळा रेघेला लावून हातानं दाबून धरला. "ह्याला घासून चालवा. आनि माजं बोट वाचवा."

एवढ्या भीतीनं मी आयुष्यात कुठलंच काम केलं नव्हतं. मी जोर लावला की तो म्हणायचा, "भांडू नका तिच्याशी, दात तिला हायेत." दोन दिवस गेले. नव्या पट्ट्या कापल्या, चौकट जुळवली. चौथ्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिलीच. त्यानं लाकडाचा भुसा सरसात कालवून तिथे बोटानं भरला.

"हे चालतं?" मी विचारलं.

"लाकूड हाय. पानी पितं, फुगतं, सुकतं. एवडं चालतं."

बोर्ड लागला. सेक्रेटरींनी नारळ फोडला आणि भाषणात कमिटीचे, म्हणजे स्वतःचे, आभार मानले. हे काम सुताराचं आहे असं मी सांगितलं, पण तेव्हा पेढे वाटणं चालू होतं.

त्या आठवड्यात मी तुळिंजला गेलो. तो प्रेसवाला तिथे बाजारात किल्ल्या बनवतो, असं ऐकलं होतं. हातगाडीएवढं दुकान. त्यानं मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "गेज झिजलेलं होतं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं, साहेब. तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "त्याच महिन्यात," मी म्हणालो.

त्यानं मशीन चालू केलं. अडकवलेली किल्ली पूर्ण घासून घेतली. मग फुंकर मारून किल्लीवरचा कीस उडवला, मूळ किल्लीला लावून उजेडात धरली, आणि म्हणाला, "बाजूला व्हा जरा. ताई केव्हाच्या उभ्या आहेत."

मी बाजूला झालो. त्या बाईंनी किल्ली घेतली आणि गेल्या. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो. त्याच्याकडे पुढचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी रिक्षाच्या रांगेकडे निघालो.