लग्नपत्रिकेची फाइल

बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहून मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करतो. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी जुन्या सहकाऱ्याच्या नंबरावरून मोबाइलवर लग्नपत्रिका आली. उघडली तर तिने माझे मेसेज वाचायची परवानगी मागितली. पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. मी 'हो' दाबलं. पत्रिका काही दिसली नाही. फोन चार्जिंगला लावून मी कपडे धुवायला बसलो.

दुपारी कारखान्यातला एकजण धावत खोलीवर आला. तीच पत्रिका माझ्या नावाने सगळ्यांना गेली होती. ती पत्रिका नव्हतीच, मेसेजमधले बँकेचे ओटीपी चोरणारं अ‍ॅप होतं. त्याने आधी माझं इंटरनेट बंद केलं, स्वतःच्या फोनवरून बँकेला कळवून माझं खातं गोठवायला लावलं. मग मी एकेकाला फोन करून सांगत सुटलो, उघडू नका. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या माझ्या आत्याचा फोन मात्र लागेना. दुपारनंतर तिथली रेंज जाते.

एसटी पकडली, पुढची चढण चालून गेलो. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. पत्रिका तिने सकाळीच उघडली होती. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलगा मुंबईहून पैसे पाठवायचा. टेकाडावर रेंज मिळाली तिथे जाऊन बँकेला विचारलं. तिच्या खात्यात काही उरलं नव्हतं.

"कोणाचं लगीन हाय ते दिसलंच नाय," ती म्हणाली. "तू पाठवलंस म्हणून उघडलं रे."

तिथूनच सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, फाइल कोणाकडून आली? आत्या पिशवीतलं पासबुक शोधू लागली. मीच म्हणालो, "माझ्याकडून."

लगेच कळवल्यामुळे थोडे पैसे वाटेत अडले आणि परत मिळाले. बाकीचे गेले. ऑपरेशन लांबलं. तिचा मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही, पण त्यानंतर त्याने मला फोनही केला नाही.

गेल्या महिन्यात वाडीत गेलो. आत्या भिंतीला धरून मागच्या परड्यातून येत होती. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, भिंतीच्या आधारानेच आत गेली आणि म्हणाली, "बस, चाय टाकते."