शेवटचा आल्याशिवाय चहा नाही

पळायला लागून सात महिने झाले. वजन दीड किलो कमी झालं, पण किस्से एवढे साठलेत की कुणी नुसतं "गुडघा कसा आहे?" विचारलं तरी मी अर्धा तास बोलते. आणि मी मुळात कमी बोलणारी. घाबरून गप्प बसणारी म्हणा हवं तर. फोन वाजला की दचकते, म्हणून तो कायम सायलेंटवर.

आमचा ग्रुप चौघांचा. लातूरच्या औसा रोडवर रोज सकाळी साडेपाचला जमायचं. सगळ्यांत पुढं बिराजदार सर, उदगीरकडचे, रिटायर्ड पीटी मास्तर. त्यांच्या मागं शोभाकाकू. त्या किराणा दुकान सांभाळतात आणि आमचा चहाचा थर्मासही. मग मुजीबभाई, अर्धापूरहून केळी आणून विकणारे. आणि शेवटी मी, एका क्लासच्या ऑफिसात ॲडमिशनचे फॉर्म तपासणारी.

सरांचा नियम एकच. शेवटचा माणूस आल्याशिवाय थर्मास उघडायचा नाही, आणि चहा त्या शेवटच्यानंच ओतायचा. म्हणजे सात महिने चहा मीच ओततेय. दम लागलेला, हात थरथरणारा, निम्मा चहा रस्त्यावर.

"असू दे," काकू म्हणतात, "रस्त्यालाबी लागतो गं चहा."

*

नांदेडच्या शर्यतीचा फॉर्म काकूंनी भरला. मी पाच किलोमीटर म्हणाले होते. काकूंनी एकवीस टाकले.

"पाचवाल्याचं मेडल बटनाएवढं हाय. एकवीसवाल्याचं बघ, पुरणपोळीएवढं."

"काकू, मी आजवर सहाच्या पुढं गेले नाही."

"मग? शर्यत कुठं उद्या हाय?"

काकूंनी लगेच आईला फोन केला, आणि मी घरी येईपर्यंत आईनं गल्लीत सांगून टाकलं होतं. समोरच्या काकांनी तर मला 'चॅम्पियन' म्हणायला सुरुवातही केली. आता माघार नव्हती.

माझं कामच फॉर्म तपासायचं, त्यामुळे शर्यतीचे सगळे नियम बारीक अक्षरांसकट वाचले. तिथं लिहिलं होतं, वेळेत न पोचणाऱ्यांना मागून येणारी बस उचलेल. आधी सगळ्यांत शेवटच्याला, मग त्याच्या पुढच्याला. हे वाक्य मी अकरा वेळा वाचलं. हरायची भीती नव्हती, ते गृहीतच होतं. पण बसमधून उतरून गल्लीत कसं शिरायचं?

*

बसची भीती उगाच नव्हती. एकदा मी अशीच एकटी मागं राहून पळत होते. औशाकडं जाणारी लाल गाडी शेजारी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"चढा मॅडम लवकर. तुमच्यासाठीच थांबवली."

मला म्हणायचं होतं, मी पळतेय, मला कुठंही जायचं नाही. पण सगळी गाडी खिडकीतून बघत होती. मी दचकले आणि चढले. एका बाईंनी सरकून जागा दिली. आता बसावं लागलं. औशाला उतरले, समोर उभ्या गाडीनं परत आले.

आमच्या कोपऱ्यावर तिघं बसलेले. थर्मास बंद. तासाभरापासून.

"कुठं होतीस?" सर.

"औशाला."

"पळत?"

मी काय झालं ते सांगितलं. मुजीबभाई तोंड फिरवून हसत होते, खांदे हलत होते. सरांनी डोक्याला हात लावला. "न्हाई म्हणता येत न्हाई का पोरी?"

"सर, त्यांनी दार उघडलं होतं."

त्या दिवशीचा चहा कोमट होता. पण कुणीही आधी प्यालं नव्हतं.

*

आता दुखण्यांकडे वळते. पहिल्या महिन्यात पोटऱ्या, दुसऱ्यात टाच, तिसऱ्यात डावा गुडघा. गुडघ्याबद्दल मी ऑफिसात बसून इंटरनेटवर इतकं वाचलं की संध्याकाळपर्यंत ऑपरेशन नक्की झालं होतं. दुसऱ्या दिवशी रडवेल्या आवाजात सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "उकिडवी बस."

"इथं? रस्त्यावर?"

"बस म्हटलं ना."

बसले.

"ऊठ."

उठले.

"गुडघा गेलेल्या माणसाला उकिडवं बसता येत न्हाई. चाळीस वर्षं पोरांची सोंगं बघितलीत मी. पळ."

तेव्हापासून आमच्याकडं ही एकच तपासणी. काकूंची कंबर धरली, उकिडवं बसा. मुजीबभाईंना सर्दी झाली, त्यांनाही बसवलं.

"सर, नाक का घुटने से क्या लेना?"

"बसा आधी."

बसले बिचारे, दोनदा शिंकून उठले.

*

लांब पळायच्या दिवशी खायला लागतं. मुजीबभाईंनी युक्ती काढली. आदल्या संध्याकाळी गाडीवरून जाऊन सातव्या किलोमीटरच्या दगडावर चार केळी ठेवायची. सकाळी तिथवर पोचायचं, खायची, वळायचं.

पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तर दगडाला हळदकुंकू. पुढं उदबत्ती, अर्धं खोबरं. केळी तशीच, वर एक फूल.

मी हात पुढं केला. काकूंनी फटकन मारला. "देवाचं हाय ते आता."

"अरे, केले तो मेरे हैं," मुजीबभाई म्हणाले. पण त्यांनीही हात लावला नाही. चप्पल काढावी तसे बूट मात्र काढले.

त्या दिवशी सात किलोमीटर उपाशी परत. पुढच्या रविवारी मुजीबभाईंनी केळी खिशात आणली. दगडापाशी पोचलो तर तिथं आधीच डझनभर केळी होती. कुणाची ते आजवर कळलेलं नाही.

*

आणि मग नांदेड.

सुरुवातीच्या रेषेवर सरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "मागं बघायचं न्हाई. आणि कुणी दार उघडलं तरी चढायचं न्हाई." शिट्टी वाजली आणि मी नेहमीसारखी दचकले, त्यामुळे पहिले दोनशे मीटर तरी जोरात गेले.

सर पुढं निघून गेले. काकू, मुजीबभाईही दिसेनासे झाले. दहाव्या किलोमीटरला डावा गुडघा बोलायला लागला. बाराव्याला माझ्यामागं कुणाचीही पावलं ऐकू येईनात. फक्त एक इंजिन, पहिल्या गिअरमध्ये. मी मान ताठ धरली.

चौदाव्याला बघते तर रस्त्याकडेच्या दगडावर सर बसलेले. मी घाबरून थांबले.

"सर! काय झालं?"

"गुडघा. तू हो पुढं."

"तुम्हाला सोडून?"

"मी येतो हळूहळू."

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "सर, उकिडवं बसून बघा ना एकदा."

त्यांनी असं बघितलं की मी पळालेच.

पुढचे सात किलोमीटर कसे गेले ते नीट आठवत नाही. थोडं पळत, थोडं चालत, जास्त लंगडत. मागून हॉर्न यायचा, मग कुणाची तरी हुज्जत, मग पुन्हा हॉर्न. बस मात्र जवळ येत नव्हती. सर माझ्या मागं आहेत म्हणून मी अजून शेवटची नाही, असा विचार मनात आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. माणसाचा गुडघा गेलाय आणि मला काय सुचतंय.

शेवटची कमान दिसली तेव्हा वेळेला चार मिनिटं बाकी होती. मी ओलांडली. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. पुरणपोळीएवढं नाही, पण भाकरीच्या तुकड्याएवढं तरी होतं.

कडुलिंबाखाली काकू आणि मुजीबभाई बसले होते. मधे थर्मास, बंद. काकूंनी मला पोटाशी धरलं आणि सवयीनं थर्मास माझ्या हातात दिला.

"ओत गं."

"मी नाही," मी म्हणाले. "सर यायचेत."

"सर? तुझ्या मागं? मला वाटलं, कवाच पोचून इथंच कुठं फिरत असतील." काकूंनी मुजीबभाईंकडं बघितलं. मुजीबभाई मेडलवरची धूळ पुसायला लागले.

तेवढ्यात सर आले. उजवा पाय ओढत, कमरेवर हात, आणि त्यांच्या मागं हातभर अंतरावर ती बस. ड्रायव्हर घामाघूम, कपाळाला आठ्या.

मी धावत गेले. "फार दुखतंय का?"

"लई," सर म्हणाले.

मी थर्मास पुढं केला. "सर, आज तुम्ही."

"हाव. नियम म्हणजे नियम."

त्यांनी थर्मास घेतला, चार कप जमिनीवर ओळीनं मांडले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले, आणि एक थेंबही न सांडता चारही काठोकाठ भरले.