विरी गेलेलं पीठ

"पिठाची विरी गेली, की तवा नवा आणून भाकरी जुळत नाही," असं रोहिणी नेहमी म्हणते. आमच्या अळणावर भागातल्या बायका हे चिकटपणा गेलेल्या, जोंधळ्याच्या जुन्या पिठाबद्दल म्हणतात. रोहिणी लॅपटॉपबद्दल म्हणते.

गवंड्याची पोर ती. नवनगरात एका खोलीत राहते आणि घरांचे नकाशे काढते. भिंत कुठं, जिना कुठं, देवघरात उजेड कुठून येणार, हे सगळं ती आधी पडद्यावर उभं करते. मग बाहेर विटा येतात.

आठ वर्षं तिचा एकच लॅपटॉप. चार स्क्रू काढले की पोट उघडणारा. कीबोर्ड तिनं स्वतःच्या हातानं दोनदा बदलला, पंखा एकदा. आता तो दुपारी तापून घरघर करतो, म्हणून ती सकाळच्या गारव्यात काम उरकते. नवा घ्यायचा तर त्याच कंपनीचा, कारण दुसऱ्यांचे डिंकानं चिकटवलेले. पण सगळ्यांनी नवे प्रोसेसर घातले तरी ही कंपनी आपल्या त्या दणकट लॅपटॉपात जुनाच घालत राहिली. रोहिणी दर महिन्याला कंपनीला पत्र लिहायची, नवा कधी घालणार. उत्तर यायचं, आपले आभारी आहोत.

कमरीपेठेतला दुकानदार संतोष तिला चिडवायचा. "अक्का, पोरीला स्थळ बघतानाही लोक एवढे थांबत नाहीत."

"मला याच्याबरोबर दहा वर्षं नांदायचंय, अण्णा. घरी आणतानाच म्हातारा कशाला आणू?"

अशात राघवेंद्र सरांचं काम आलं. ते कंत्राटदार. धारवाडात तीन मजली दवाखाना बांधायचा होता. दोन खोल्यांच्या घरांपलीकडचं एवढं मोठं काम रोहिणीकडं पहिल्यांदाच येत होतं. सरांची अट एकच, आधी नवा लॅपटॉप. जुना मध्येच बंद पडला तर त्यांचे गवंडी बसून राहणार.

आषाढात संतोषनं सेल लावला. आमच्याकडं आषाढात कुणी नवी वस्तू घरी नेत नाही, म्हणून तर सेल. रोहिणी नको म्हणाली, तेव्हा संतोषला वाटलं, हीसुद्धा महिना पाळते. त्यानं कंपनीचं ताजं मॉडेल बाजूला काढून ठेवलं आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिला फोन केला. सरांची अट त्याच्या कानावर होती, म्हणून राघवेंद्र सरांनाही बोलावून घेतलं. ती पोचेपर्यंत खोकं उघडून, लॅपटॉपला हळदकुंकू लावून त्यानं नारळही फोडला होता.

रोहिणीनं लॅपटॉप सुरू केला. अंग नवं, पातळ, निळसर. तिनं प्रोसेसरचं नाव उघडून वाचलं आणि झाकण मिटलं.

"हा जुनाच आहे, अण्णा. कपडे तेवढे बदललेत."

"अक्का, पूजा झालीय. पूजा झालेली वस्तू माघारी घेत नाहीत, ठाऊक आहे न्हवं?"

"पूजा तुम्ही केलीत. मी मागितला होता का हा?"

"मला वाटलं आषाढ सरेपर्यंत थांबलाय."

"मी कंपनीसाठी थांबलेय. महिने पंचांगात बदलतात, ह्या लॅपटॉपात काही बदललं नाही."

राघवेंद्र सरांनी खिशातून फोन काढला. "रोहिणी, हट्ट पुरे. आज घ्या, नाहीतर मी दुसऱ्याला सांगतो. माणूस तयार आहे."

"सांगा. पण एक ऐका. अख्खी इमारत एका फायलीत ठेवली तर माझं यंत्र दमतं. मी एकेक मजला वेगळा काढीन. गुरुवारी तीन मजल्यांच्या तीन फायली देते. खांबाला खांब जुळला नाही तर काम घेऊ नका."

"आणि यंत्र बंद पडलं तर?"

"तर कागदावर हातानं काढीन. माझा बाप कोळशानं जमिनीवर काढायचा, त्याची घरं उभी आहेत. विकणारा देतो म्हणून शिळं घरी नेणार नाही."

संतोषनं नारळाचं एक शकल पुढं केलं. ते तिनं घेतलं, तोंडात टाकलं, जुन्या लॅपटॉपची पिशवी खांद्यावर चढवली आणि उत्तराला न थांबता पायऱ्या उतरली. गर्दीतून ती चिगरी नावाच्या शहरबसच्या थांब्याकडं चालू लागली. घाई नव्हती, मागं वळणंही नव्हतं. बोटाला कुंकू लागलेला संतोष दारात उभा राहून बघत होता. त्याच्यामागं राघवेंद्र सर. ती वळणाआड गेल्यावर त्यांनी दुसऱ्या माणसाचा नंबर न लावताच फोन खिशात ठेवला.