कौराबीला कुणी काही मागेना

उमेदीची सगळी वर्षं जर्मन जहाजाचा डेक घासून कौराबी अबायांग बेटावर परतला, तेव्हा त्याच्याकडे होडीचं एक नवंकोरं इंजिन होतं, अंगात जहाजाचं नाव छापलेला निळा शर्ट होता आणि डोक्यात तिकडचं शहाणपण होतं. इंजिन जड होतं, पण शहाणपण त्याहून जड. चारी बाजूंनी समुद्र असून आपण खोबरं विकून डब्यातले मासे का खातो, हे तो ऐकेल त्याला ऐकवायचा. सगळा दोष त्या बुबुतीचा, म्हणे; तिच्यापायी कमावलेलं हातात टिकतच नाही.

नातलगानं दारात येऊन 'बुबुती' म्हणत मागावं आणि आपण मुकाट काढून द्यावं, ही तिथली रीत. नाही म्हणायची सोयच नाही. आणि अबायांगवर नातलग नसलेला माणूस हवा असेल, तर पोहत दुसऱ्या बेटावर जावं लागेल. महिनाभरात कौराबीचा रेडिओ मामाकडे, गादी मेव्हण्याकडे आणि होडी चुलतभाऊ बाउरोकडे गेली. इंजिन तेवढं उरलं. ते त्यानं भर दुपारी, गाव पेंगत असताना, घरामागच्या अळूच्या खड्ड्यात पानांखाली दडवलं. होडीच गेल्यावर इंजिन कशाला लावणार, हा प्रश्न एवढ्या शहाण्या माणसाला पडला नाही.

इकडे समुद्र, तिकडे खाजण आणि मधे नेसूच्या काठाएवढी जमीन. तिथं कुणाची शिंक लपत नाही, हा निघाला इंजिन लपवायला! दुसऱ्याच दिवशी बाउरो आला. चटईवर बसला, माडी प्याला, वाऱ्याचं बोलला, माशांचं बोलला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, बुबुती करायला आलोय. खड्ड्यातलं ते दे."

"नाही," कौराबी म्हणाला.

त्याची बायको तेरेतिया, तिनं पदरानं तोंड झाकावं तसं चटईनं झाकलं. बाउरो मात्र रागावला नाही. उरलेली माडी संपवली, वाटी नीट पालथी घातली आणि निघून गेला.

सुरुवातीला कौराबीला वाटलं, जिंकलो. कुणी तंबाखू मागेना, कुणी दोरी मागेना. गावाच्या सभागृहात तो आपल्या घराण्याच्या जागी जाऊन बसला, तर शेजारचे त्याच्या मांडीवरून हात लांबवून पलीकडच्याकडे काडेपेटी मागत. सगळे गोड बोलत. कसा आहेस, पाऊस बरा झाला. मागत मात्र काहीच नव्हते. परक्या पाहुण्याशी वागावं तसं चाललं होतं ते.

तेरेतिया एक दिवस त्याला सरळच बोलली. "मला आता माझी सख्खी बहीण मीठसुद्धा मागत नाही. इंजिनाशीच संसार कर तू."

कौराबीची झोप उडाली, जेवण जाईना. माणूस लाजेनं अर्धा झाला. शेवटी त्यानं खड्डा उपसला. अलीकडे अळूच्या खड्ड्यांत समुद्राचं खारं पाणी झिरपतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इंजिनाचं ते गंजलेलं धूड खांद्यावर घेऊन तो भर दिवसा बाउरोच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माग ना रे, भाऊ," तो म्हणाला.

बाउरोनं इंजिन उलटंपालटं करून पाहिलं. आतून तपकिरी पाणी गळलं. "हे कशाला मागू? असलं भंगार तर समुद्रही परत आणून टाकेल."

"मग दुसरं काही माग. काहीही माग."

बाउरोनं विडी वळली, ओढली, धूर सोडला. कौराबीला त्यानं चांगलंच ताटकळत ठेवलं. मग म्हणाला, "तुझा तो शर्ट बरा दिसतोय."

कौराबीनं तो डोक्यावरून असा ओढला की बटणं तुटली. घर जवळ होतं, तरी तो लांबच्या वाटेनं, सभागृहाला वळसा घालून, सगळ्यांना दिसेल असा उघड्या अंगानं परतला. वाटेत मामी भेटली, तिला चपला हव्या होत्या.

"शर्ट कुठाय?" तेरेतियानं विचारलं.

"बाउरोनं मागितला," तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

तेरेतियानं त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, कित्येक दिवस पालथं पडलेलं भाताचं मोठं भांडं बाहेर काढलं आणि चूल पेटवली.