मी केक घेऊन आत गेले

मुलीचा सातवा वाढदिवस आला, तेव्हा तिचा बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. कंपनीतून शिफ्ट संपवून तो रोह्याच्या घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखाना गाठायच्या आत गेला. पुढच्या काही महिन्यांत मला एक गोष्ट चांगली कळली. नवरा गेल्यावर बाईने काय काय करू नये, हे सांगायला माणसं कधीच कमी पडत नाहीत.

"यंदा वाढदिवस नको," सासूबाई म्हणाल्या. पेणहून माझ्या आईचाही फोन आला. "वर्ष तरी होऊ दे गो. लोकांना बोलायला कशाला जागा देतेस?"

मुलीला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. तिला केक हवा होता, आणि तोही चिंचेच्या गोळीच्या चवीचा. शाळेबाहेर मिळतात ना, साखरेत घोळवलेल्या, त्या गोळ्यांच्या चवीचा. असला केक कुठे मिळत नाही म्हटलं, तर ती म्हणाली, "मग तू कर."

तोवर मी जन्मात केक केला नव्हता. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, शिट्टी काढून ठेवली आणि देवाचं नाव घेतलं. केक कडेला करपला, मध्ये चिकट राहिला. चिंचेच्या घट्ट कोळात गूळ, जिरेपूड आणि काळं मीठ घालून तो आटवला, गार केला आणि लोणी-पिठीसाखरेत फेटला. त्याचा रंग बघून मलाच शरम वाटली. अंगण सारवायला घ्यावं असं दिसत होतं ते. मुलीने बोट बुडवून चाटलं, डोळे गच्च मिटले, खांदे वर केले आणि ओरडली, "हीच चव!"

आम्ही दोघींनी मेणबत्ती लावली, टाळ्या वाजवल्या, मोठ्याने गाणं म्हटलं. शेजारच्यांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे म्हटलं. सासूबाईंनी त्या केकला हात लावला नाही. मीही त्यांना जबरदस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेला केक मुलीने डब्यात नेला आणि आठवडाभरात तिच्या वर्गातल्या दोन मुलांच्या आयांनी मला विचारलं, असा केक करून द्याल का? तिथून सुरुवात झाली. ओव्हन घेतला, मोबाईलवर बघून क्रीमची नक्षी काढायचं नोझल धरायला शिकले. व्हॅनिला आणि चॉकलेट कुणीही करतं, म्हणून मी पोरांनाच विचारायला लागले, तुला काय आवडतं? पोरं मोठी भन्नाट असतात. एकाला तिखट-मीठ लावलेल्या पेरूचा केक हवा होता. एकीला कोकम सरबताचा, वरचं क्रीमही त्याच रंगाचं. एका पठ्ठ्याने पापडाच्या लाटीचा मागितला. त्याला मात्र मी हात जोडले.

रोह्यातच एका घरून कैरीच्या पन्ह्याच्या केकची ऑर्डर आली. मुलाचा पाचवा वाढदिवस. दोन मजली केक, वरचा मजला तिथे जाऊन बसवायचा, कारण उन्हाळ्यात स्कूटरवर रचलेला केक न्यायचा म्हणजे वाटेतच त्याची चटणी व्हायची. मी दोन खोके घेऊन दारात पोचले. आत फुगे लावलेले, पोरांचा गलका. मुलाची आजी दारात आली. माझ्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं.

"खोके हितंच ठेव," ती म्हणाली. "सून नेईल आत. तू नको येऊस गो. पोराचं शुभकार्य हाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी म्हटलं, "आजी, अंडी याच हातांनी फेटली. क्रीम याच हातांनी लावलं. ते चालतं, आणि मी आत आलेली चालत नाय?"

"उगा तोंड चालवू नको."

तेवढ्यात सून बाहेर आली. माझ्याहून लहान, शिकलेली, ऑर्डर देताना फोनवर मला ताई ताई करणारी. ती माझ्या कानाशी लागली. "ताई, प्लीज. आजच्या दिवस द्या ना इथूनच. वाद नको."

आजीपेक्षा ते जास्त लागलं. "वाद मी नाही आणला," मी म्हटलं. "मी केक आणलाय. आणि तो माझ्याबरोबर आत येतो, नाहीतर माझ्याबरोबर परत जातो."

सुनेने सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. मी चपला काढल्या आणि आत गेले. टेबलावर खालचा मजला ठेवला, त्यावर वरचा बसवला, कडेने पन्ह्याच्या क्रीमची वेल काढली. वेल दोन ठिकाणी तुटली, ती तिथेच जोडून घेतली. मेणबत्ती रोवली आणि काडी ओढून मीच पेटवली. आजी आतल्या खोलीत निघून गेली. पोरांना याचं काही नव्हतं; त्यांना केक दिसत होता. केक कापेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. सुनेने मला तुकडा दिला, तो मी सगळ्यांसमोर संपवला. आंबटगोड, वेलचीचा वास आणि शेवटी मिठाची कणी. मस्त झाला होता.

त्या आळीतून मला पुन्हा ऑर्डर आली नाही. आजी बाजारात दिसली की अजून मान फिरवते. मी फिरवत नाही. उलट त्या दिवसापासून नियमच केला: केक मी स्वतः नेणार आणि मेणबत्तीही मीच लावणार. चालत असेल तर सांगा. आई म्हणते, तू गिऱ्हाईकं घालवशील. गेली काही. काही नवीन आली.

गेल्या महिन्यात कोलाडहून एका बाईंचा फोन आला. पन्नाशीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बाहेरगावी. म्हणाल्या, "वाढदिवस माझाच आहे. मी कधी केक कापला नाय. तिखट पेरूचा करतेस ना तू? मुलालाही सांगितलेलं नाय."

मी मुलीला मागे बसवलं आणि केक घेऊन गेले. बाईंनी जरीची साडी नेसली होती. मेणबत्ती मी लावली. त्यांनी फुंकर मारली, ती विझेना, मग तिघींनी मिळून मारली. तिखट जरा जास्तच झालं होतं. बाई खोकल्या, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायल्या आणि सुरी पुन्हा हातात घेतली.

"आता मोठा तुकडा कापते," त्या म्हणाल्या, आणि कापला.