पाटकऱ्याच्या गव्हाला मी दिलेलं पाणी

नाशिक सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरं, एक फिरकीचा तांब्या, सातूच्या पिठाची पुरचुंडी आणि एक व्याख्यान होतं. व्याख्यान आदल्याच महिन्यात आमच्या वाचनालयात होऊन गेलं होतं. विषय, 'पाण्याची टंचाई : कारणे व उपाय'. दीड तास बोललो, टाळ्या पडल्या. त्या विरतात न विरतात तोच मागच्या बाकावरून माझा जुना वर्गबंधू उठला. हा कळवणकडे गिरणाकाठच्या एका खेड्यात मास्तर आहे.

"बोललास झकास," तो म्हणाला, "पण जन्मात कधी शेताला पाणी दिलंयस का रे?"

"तुळशीला रोज देतो," मी म्हणालो.

सगळी सभा हसली. मास्तर म्हणाला, "मग माघात आमच्याकडे ये. पाणी कसं वाटतात ते बघ, आणि मग बोल." एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणणार? गेलो झालं.

सर्व्हिस मोटारीत मला ड्रायव्हरशेजारची मानाची जागा मिळाली. मान कसला तो, इंजिनाची सगळी धग माझ्याच पायांवर. वणीच्या अलीकडे मोटारीनं वाफ सोडली आणि ती उभीच राहिली. रस्त्याकडेच्या विहिरीवर पाच-सात बायका बसल्या होत्या. एक खाली उतरून झिरपणारं पाणी नारळाच्या करवंटीनं घागरीत भरत होती. ड्रायव्हरनं डबा पुढे केला.

"माणसांना पुरंना, तुझ्या गाडीला कुठून देऊ?" काठावरची बाई म्हणाली. "आम्ही पहाटंपासून बसलोय. लय घाई आसल तर चालत जा की!"

ड्रायव्हरची नजर फिरत फिरत माझ्या तांब्यावर आली. मग इतर उतारूंचीही आली. घरून भरून आणलेलं गोदावरीचं पाणी मोटार घटाघटा प्याली आणि चालू लागली. मी कळवणपर्यंत ओठ चाटत बसलो. टंचाईवर दीड तास बोलणाऱ्या माणसाला तहान म्हणजे काय ते पहिल्यांदा कळत होतं, आणि मला मोटारीचा मनस्वी राग येत होता.

कळवणहून बैलगाडी. दोन्ही बाजूंना करपलेली माळरानं, आणि एकाएकी खाली हिरवागार पट्टा. नदीवर दगडी बंधारा आणि त्यातून काढलेला हातभर खोल पाट. पाटाखालच्या शेतांचे गट केलेले, एका गटात सगळ्यांचं एकच पीक. अशा गटाला फड म्हणतात. माघ आला की नदीची धार करंगळीएवढी होते, मग पाणी आज या फडाला, उद्या त्या फडाला. दिवस मावळला की पाळी संपली.

संध्याकाळी मास्तरनं मला झिपरूअप्पाकडे नेलं. हा गावाचा पाटकरी, म्हणजे पाणी देणारा. पन्नाशीचा, काटकुळा, खांद्यावर फावडं. शेत कुणाचंही असो, त्याचं बारं (पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड) फक्त अप्पानं उघडायचं आणि अप्पानंच बुजवायचं. धन्यानं स्वतःच्या शेताच्या बाऱ्यालासुद्धा हात लावायचा नाही.

"कथाईन उनात, भाऊ?" (कुठून आलात?) अप्पानं विचारलं.

"नाशिकहून. मी पाण्याचा अभ्यास करतो."

"तठे पानी नही का?"

"आहे ना, गोदावरी आहे!"

"मंग कसाना अभ्यास करतस?" अप्पानं अगदी सरळपणे विचारलं. मी घसा साफ केला आणि वही काढली.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेला आणि मी तांब्या घेऊन एकटाच पाटावर आंघोळीला निघालो. गहू ओंबीवर आलेला, डोलत होता. पण पाटाला लागूनच एक शेत असं, की जमिनीला भेगा आणि गहू पिवळट. शेजारून पाणी खळाळत चाललेलं आणि त्या शेताच्या बाऱ्यात मात्र चिखल-गवताचा बोळा घट्ट ठोकलेला. माझ्या व्याख्यानातलं एक वाक्य मला आठवलं, 'पाण्यापाशीच तहानलेला दीन शेतकरी.' त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. इथे तो दीन शेतकरी समोर, आणि मी नुसता बघत उभा? आजूबाजूला कुणी नव्हतं. मी धोतर खोचलं आणि बोळा दोन्ही हातांनी उपसून काढला.

पाणी आत शिरलं. भेगा भरताना जो आवाज झाला तो ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग आंघोळ केली, सातू खाल्ले आणि पुण्य करून दमलेला माणूस करंजाच्या सावलीत आडवा झाला.

जाग आली ती आरडाओरड्यानं. दिवस कलला होता. गावाकडे गेलो तर पारावर अख्खा गाव जमलेला, मास्तरही तिथेच. मधे सखूमाय नावाची म्हातारी उभी होती. विधवा बाई, एकटीनं शेत करणारी. त्या दिवशी पाळीचं पाणी तिच्या शेताला जायचं होतं आणि अप्पानं तिचं बारं पहाटेच उघडून ठेवलं होतं. ती सकाळपासून बांधावर वाट बघत बसलेली, आणि तिच्यापर्यंत थेंब आला नाही. आता तिच्या फडाची पाळी आठ दिवसांनी, आणि दाणा भरायची वेळ तर हीच. अप्पा सकाळपासून वर बंधाऱ्यावर तोंडाशी अडकलेला कचरा काढत होता.

"अप्पा, तुन्हा शेतमा पानी तुडुंब शे," ती म्हणाली, "आनि मन्हा गहू कोरडा. असं कसं व्हयनं?"

"मी नही फोडं, माय."

"तुन्हंच शेत, तुन्हंच फावडं. दुसरा कोन फोडी?"

मी हळूच मास्तरला विचारलं, "पाटालगतचं ते भेगाळलेलं शेत कुणाचं रे?"

"अप्पाचंच. पाटकरी आपल्या शेताला सगळ्यांच्या शेवटी पाणी घेतो, रीतच आहे इथली. म्हणून ते सदा कोरडं. का रे?"

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात फक्त कळवणची मोटार किती वाजता सुटते एवढंच आलं. तेवढ्यात अप्पा पुढे झाला आणि त्यानं खांद्यावरचं फावडं पारावर ठेवलं. मास्तर कानाशी कुजबुजला, "संपलं. फावडं खाली ठेवलं म्हणजे पाटकरी गेला. बाप पाटकरी होता, आजा पाटकरी होता. चोर म्हणून निघाला आज."

दीड तास न अडखळता बोलणारा मी. पारावर चढलो तर दोनच वाक्यं निघाली.

"पाणी मी फोडलं," म्हणालो. "अप्पांना ठाऊकसुद्धा नाही."

"तुम्ही?" सखूमाय जवळ आली. "काबरं?"

"ते शेत फार कोरडं दिसलं. दया आली."

एक म्हातारा खदाखदा हसू लागला आणि त्याच्यामागून सगळा पार हसला. आमच्या वाचनालयात मला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. लाजेनं मला धरणी ठाव देईना. सखूमाय मात्र हसली नाही. तिनं वाकून फावडं उचललं आणि अप्पाच्या हातात दिलं. "मी चुकनू, भाऊ," (चुकले) एवढंच म्हणाली. अप्पानं डोळे पुसले. मीही पुसले, कशाला लपवू?

पुढचं पाचच मिनिटांत ठरलं. दुसऱ्या फडानं उद्याच्या आपल्या पाळीतलं पहिलं पाणी सखूमायला द्यायचं. कुणी कुरकुरलं नाही. आणि बारं फोडणाऱ्याला जी शिक्षा असते ती पाहुण्यालाही, वीस पावलं पाटातला गाळ काढायचा. वीस पावलं मोजायला त्यांनी गावातला सगळ्यात उंच माणूस निवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळात उभा असताना सखूमायच्या शेतात पाणी शिरलं, ते डोळ्यांनी पाहिलं. अप्पाच्या शेताकडे मात्र बघवेना. नको इतकं पाणी पिऊन जमीन भुसभुशीत झालेली, त्यात रात्री वारा सुटला होता. ओंबीवरचा सगळा गहू आडवा पडला होता. मी माफी मागायला गेलो तर अप्पा म्हणाला, "तुम्ही चारजनमा खरं सांगं ना, भाऊ? मंग बस. गहू पुढला साल व्हई."

नाशिकला परतलो ते तळहातांवर फोड घेऊन. वाचनालयाच्या चिटणिसांनी पुढच्या व्याख्यानाबद्दल विचारलं, तर मी फोड दाखवले आणि घरी आलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर आला, तेव्हा त्यानं अप्पानं पाठवलेलं एक गाठोडं दिलं. त्याच्याच शेतातल्या नव्या पिकाचा वानवळा. बायकोनं गहू सुपात ओतले, बोटांनी चाळवले आणि नाक मुरडलं.

"अहो, हे असले चिमलेले गहू कुणी पाठवले? यांना वेळेवर पाणीबिणी दिलं होतं की नाही कुणी?"

"दिलं होतं," मी म्हणालो. "मीच दिलं होतं."